गच्चीवरचा जुना अँटेना आणि आग्नेयेचा कोपरा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: केज तालुक्यात घर आहे. गच्चीवर वडिलांनी लावलेला सात काड्यांचा ॲल्युमिनियमचा अँटेना अजून धड आहे. नव्या टीव्हीला जोडला तर पडद्यावर सिग्नल नाही म्हणून येतं. व्हिडिओत बघून तुम्ही चार काड्या वाढवल्या, मागे स्टीलची ताटली बांधली, बूस्टरही आणला, तरी काही फरक नाही. वडिलांना बाकी काही नको, फक्त सह्याद्रीच्या बातम्या हव्यात. शेजाऱ्याकडे महिन्याच्या पैशाविना चालणारी डिश आहे, पण वारं सुटलं की तिचं चित्र फुटतं, म्हणून तिच्यावर तुमचा भरवसा नाही. तर अँटेना अजून दहा फूट वर न्यावा का, हा प्रश्न.

नेऊ नका. पाइपाचे पैसे वाचवा. मी लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत पस्तीस वर्षं टीव्ही उघडून बसलोय आणि हजारभर तरी अँटेने लावले असतील, म्हणून एवढ्या खात्रीने सांगतो. तुमच्या अँटेन्यात दोष नाही. तो ज्याचं ऐकत होता तोच आता बोलत नाही.

गच्चीवर जाऊन बघा, त्याचं तोंड पूर्वेला असेल. केजहून पूर्वेला अंबाजोगाई. तिथल्या दूरदर्शनच्या मनोऱ्यावर बीड, लातूर, परभणीचा मोठा पट्टा जगत होता. आमच्या लातूरचे अँटेने वायव्येला तोंड करून असायचे, तेही अंबाजोगाईकडेच. तिकडे औरंगाबाद भागातले म्हैसमाळच्या डोंगराकडे बघायचे. गावात शिरल्यावर घरांवरचे अँटेने बघून दिशा कळायची, होकायंत्र लागायचं नाही. तर हे जुनं, ज्याला ॲनालॉग म्हणतात ते प्रक्षेपण देशभर टप्प्याटप्प्याने बंद झालं. सामरिक महत्त्वाची पन्नासेक ठिकाणं सोडून बाकीचे ट्रान्समीटर ३१ मार्च २०२२पर्यंत उतरवायचे, असं प्रसार भारतीने जाहीर केलं होतं. मनोरा लांबून दिसतो, त्यावर रात्री दिवाही लागतो, म्हणून लोक फसतात. लोखंड उभं आहे याचा अर्थ टीव्हीचा सिग्नल सुटतोय असा नाही.

आता तुमच्या काड्यांकडे येतो. त्या वाढवून काही का झालं नाही, हे कळलं तर पुढच्या वेळी व्हिडिओ बघताना उपयोग होईल.

या अँटेन्याला यागी म्हणतात. १९२६च्या सुमारास जपानमध्ये उदा आणि यागी या दोघांनी तो मांडला आणि गेली शंभर वर्षं तो फारसा बदललेला नाही. त्यात खरं काम करणारी काडी एकच असते: चपट्या कड्यासारखी वाकवलेली, जिच्या मधे प्लास्टिकची डबी असते आणि डबीतून वायर निघते. तिच्या मागे एक लांब काडी, ती आरशासारखी लहर परतवते. पुढे काही आखूड काड्या, त्या लहरीला मधल्या काडीकडे वळवतात. सगळा खेळ लांबीचा आहे. मागची साधारण पाच टक्के लांब, पुढच्या थोड्या थोड्या आखूड. तुम्ही पुढे ज्या चार काड्या ठोकल्या त्या एकाच मापाच्या असतील, आणि बहुतेक मधल्या काडीएवढ्या किंवा तिच्याहून लांब. तशी काडी पुढे आली की ती आरसा होते आणि येणारी लहर मधल्या काडीपर्यंत पोचूच देत नाही. अंबाजोगाई चालू असतं तरी तुम्ही आपल्या हाताने चित्र खराब केलं असतं.

ताटलीचंही तेच. मागे योग्य अंतरावर असली तर थोडी मदत करते, जवळ चिकटवली तर नुकसान. एका गिऱ्हाइकाने घरातली सगळ्यात मोठी परात अँटेन्याच्या पुढच्या टोकाला बांधली होती. का, तर डिश पण गोलच असते. घरातल्या माउली मला म्हणाल्या, "तेवढी परात तरी सोडवून द्या, लग्न आलंय घरात." परात सोडवली आणि चित्र आलं.

एक टेप घेऊन वर जा आणि डबीवाली काडी टोकापासून टोकापर्यंत मोजा. हिशोब सोपा आहे: १४३ला चॅनलच्या मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागलं की काडीची लांबी मीटरमध्ये मिळते. १७५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या चॅनलला ती ८० सेंटीमीटरच्या जवळ येते. काडी दोन मीटरच्या पुढे असली तर तो त्याहून खालच्या पट्ट्यातल्या चॅनलसाठी केलेला. आणि ३० सेंटीमीटरच्या आत असली तर तो यूएचएफचा, म्हणजे वरच्या पट्ट्यातल्या चॅनलचा. तुमचा ८० सेंटीमीटरच्या घरातला निघेल असा माझा अंदाज. पाचशे मेगाहर्ट्झच्या डिजिटल सिग्नलला हवी साडेअठ्ठावीस सेंटीमीटरची काडी. म्हणजे उद्या तुमच्या भागात डिजिटल सुरू झालं तरी हा अँटेना आहे तसा चालणार नाही.

उंचीबद्दल. उंची वाढवली की पल्ला वाढतो हे खरं, पण किती, ते बघा. मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा. आपल्या अँटेन्याच्या उंचीचं वर्गमूळ काढा. दोन्हींची बेरीज करून ४.१२ने गुणा. सपाट जमिनीवर लहर साधारण तेवढे किलोमीटर जाते. दीडशे मीटरचा मनोरा आणि सहा मीटरवरचा अँटेना, तर साठ किलोमीटर. तोच अँटेना दुप्पट उंच, म्हणजे बारा मीटरवर नेला तर चौसष्ट-पासष्ट. चार किलोमीटरसाठी वीस फूट पाइप! म्हणून दूरदर्शन मनोरे डोंगरावर बांधत गेलं. आपण पाइप वाढवायचा तो समोरची टाकी, गोदाम किंवा चिंच ओलांडण्यापुरता. आडवं काही नसेल तर दोन मीटरचा खांब आणि सहा मीटरचा खांब यांत चित्राला फार फरक पडत नाही, वाऱ्याला मात्र पडतो.

आमच्या भागात उंचीची अजून एक अडचण होती. किल्लारीच्या आधी, म्हणजे १९९३च्या आधी, औसा-निलंगा-उमरगा पट्ट्यात बहुतेक घरं माळवदाची. माळवद म्हणजे लाकडी सरांवर, फळ्यांवर फूट-दीड फूट माती. त्यात खांब रोवला की पहिल्या पावसात माती फुगते, खांब कलतो आणि त्याच भोकातून पाणी घरात. घरच्या म्हाताऱ्यांना टीव्हीचं वाकडं नव्हतं, भोकाचं होतं. मग आम्ही खांब भिंतीला बाहेरून दोन पट्ट्यांनी जखडायचो आणि माळवदाला हात लावायचो नाही. ३० सप्टेंबरच्या पहाटेनंतर त्या गावांत ना भिंती राहिल्या ना अँटेने. पुनर्वसनाच्या सिमेंटच्या घरांवर पुढच्या दोन-तीन वर्षांत मी परत तेच काम केलं. काही ठिकाणी अँटेनाही तोच होता, ढिगाऱ्यातून काढून सरळ केलेला. ॲल्युमिनियम वाकतं, पण हळू हाताने सरळ केलं तर चालतं. फक्त एकदाच. दुसऱ्यांदा वाकवलं की तुटतं.

आता जे छत्रपती संभाजीनगरच्या आसपास राहतात आणि हे वाचतायत, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. दूरदर्शनने २०१६च्या फेब्रुवारीत १६ शहरांत डिजिटल भूप्रक्षेपण, म्हणजे मनोऱ्यावरून साध्या अँटेन्याला मिळणारं डिजिटल चित्र, सुरू केलं त्या यादीत औरंगाबाद होतं, मराठवाड्यातलं एकटं. टीव्हीत हा सिग्नल पकडणारा डीव्हीबी-टी२ ट्यूनर असेल तर त्या भागातल्या माणसाने आधी अँटेना जोडून टीव्हीच्या मेन्यूतून डिजिटल स्कॅन करून बघावं. त्याला पाच मिनिटं लागतात आणि खर्च शून्य. काहीतरी सापडलं, चित्र येतंय पण चौकोन पडतायत, असं असेल तरच अँटेन्यावर मेहनत करावी. काहीच सापडलं नाही, तर खिडकीतून बाहेर वायर काढून, गच्चीवर एकदा आणि शेजारच्या उंच घरावर एकदा करून बघा. तिथेही नाही, तर खाली दिलंय ते डिशचं वाचा.

ज्यांना अशी काडी घरी करायचीच आहे त्यांच्यासाठी पाचशे मेगाहर्ट्झचं माप सांगून ठेवतो. मधलं कडं २८ सेंटीमीटर. मागची काडी ३० सेंटीमीटर, कड्याच्या मागे १२ सेंटीमीटरवर. पुढच्या काड्या २६ सेंटीमीटरच्या, पहिली ९ सेंटीमीटरवर, पुढच्या १२ ते १५ सेंटीमीटरच्या अंतराने. पुढे तीन पुरे. जुन्या अँटेन्याच्याच काड्या हॅक्सॉने कापून हे होतं. काड्या जमिनीला समांतर आडव्या ठेवायच्या, दूरदर्शन आडवं पाठवतं. गोल जाड वायर कड्याला सरळ पिळून लावू नका. कड्याचा रोध ३०० ओहम, वायरचा ७५. मधे बलून, म्हणजे या दोन रोधांचा मेळ घालणारा जोड, लागतो. तो दुकानात नाही मिळाला तर त्याच वायरचा २५ सेंटीमीटरचा तुकडा वापरून होतो: तुकड्याचा मधला तांब्याचा तार एका टोकाला कड्याच्या डाव्या पायाला, दुसऱ्या टोकाला उजव्या पायाला, टीव्हीकडे जाणाऱ्या वायरचा तांब्याचा तार त्यातल्या एका पायाला, आणि तिन्ही टोकांच्या बाहेरच्या जाळ्या एकमेकींना. २५ सेंटीमीटर हे फोमवाल्या आरजी-६ वायरचं माप आहे. पांढरा, कडक, भरीव प्लास्टिक असलेली जुनी वायर असेल तर २० घ्या.

आणि फिरवताना घाई करू नका. जुन्या काळी एक जण वर, एक दारात, एक टीव्हीसमोर, आणि "आलं का?"ला उत्तर "थोडं मागं घ्या, आधीचं बरं होतं!" ती पद्धत ॲनालॉगला चालायची, कारण काडी हलली की त्याच क्षणी पडद्यावर मुंग्या कमी-जास्त व्हायच्या. डिजिटलला टीव्ही आधी सिग्नल पकडतो, उलगडतो, मग चित्र दाखवतो. त्यात तीन-चार सेकंद जातात. दणादण फिरवत गेलात तर बरोबर जागा कधी मागे पडली ते कळणारच नाही. बोटभर फिरवा, पाच अंक मोजा, मग विचारा. शिवाय डिजिटलमध्ये धूसर चित्र नसतं. एक तर स्वच्छ, नाही तर फुटकं, नाही तर काळं. "थोडं थोडं येतंय" म्हणून आशेवर बसायची सोय त्यात नाही.

बूस्टरचं एकदाच बोलतो. बूस्टर जे येतं ते मोठं करतो, त्यात कचराही आला. शून्याला दहाने गुणलं तरी शून्यच, हे तुम्ही अनुभवलंच. त्याचा खरा उपयोग वायर लांब असेल तेव्हा, तोही खांबाच्या वरच्या टोकाला लावला तर. टीव्हीच्या मागे लावलेला बूस्टर म्हणजे वाटेत सांडलेलं दूध घरात आल्यावर पाणी घालून वाढवणं. मीही यात तोंडघशी पडलोय. नव्वदच्या दशकात एका गावातल्या रिले केंद्रापासून हाकेच्या अंतरावर एका घरी चित्राला लाटा येत होत्या. मी बूस्टर लावला, लाटा वाढल्या. दुसरा, जास्त ताकदीचा लावला, तर चित्रच उलटंपालटं. तिसऱ्या दिवशी वैतागून सगळं काढून नुसती हातभर वायर टीव्हीला खोचली, तर आरशासारखं चित्र. सिग्नल इतका जोरात होता की टीव्हीचा श्वास कोंडत होता. गिऱ्हाइकाने दोन्ही बूस्टरचे पैसे माझ्याकडून परत घेतले, वर चहा पाजला.

आता तुमच्या वडिलांच्या बातम्या. सह्याद्री डीडी फ्री डिशवर, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेवर आहे, महिन्याचे पैसे नाहीत. डिश आणि बॉक्स एकदा घ्यायचा. शेजाऱ्याची डिश फुटते ती फ्री डिशच्या दोषाने नाही, बसवणाऱ्याच्या घाईने. बॉक्स मात्र एमपीईजी-४वाला घ्या, जुन्या बॉक्सला काही चॅनल दिसत नाहीत.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, पूर्व रेखांश ९३.५वर. नोव्हेंबर २०१५मध्ये गेला. विषुववृत्तावर इतक्या उंचीवर की पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला आभाळात एका जागी खिळलेला. मराठवाड्यातून तो कुठे दिसतो याचा हिशोब मी बऱ्याच वर्षांपूर्वी वहीत मांडून ठेवलाय: संभाजीनगरहून उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १३६ अंश, उंची ५९ अंश. लातूरहून १३६ आणि ६१. नांदेडहून साडे १३८ आणि ६१. तुमच्या केजला लातूरचेच आकडे धरा, अर्धा-एक अंश इकडे तिकडे. आता १३५ अंश म्हणजे बरोब्बर आग्नेय. आपल्याकडे घर बांधताना स्वयंपाकघर आग्नेयेला काढतात. तुमच्याकडेही तसं असेल तर चूल ज्या कोपऱ्यात आहे, गच्चीवर तोच कोपरा पकडायचा आणि तिकडे बाहेर बघायचं. वास्तुशास्त्रावर माझा काडीचा विश्वास नाही, पण या एका कामात मला त्याची मदत झालीय. मोबाइलचं होकायंत्र वापरणार असाल तर लोखंडी खांबापासून दोन-तीन पावलं लांब उभं राहून बघा, खांबाजवळ ते काहीही सांगतं.

साठ अंश उंची म्हणजे क्षितिजापासून डोक्यावरच्या आभाळापर्यंतचे तीन भाग केले तर दोन भाग वर. लोकांना हे पटत नाही, कारण डिश बघायला खूपच उभी वाटते. घरगुती डिश तिरक्या कापाची असते, एलएनबी, म्हणजे डिशसमोरची सिग्नल पकडणारी डबी, मधोमध नसून खालून पुढे आलेला असतो. त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. याचा एक फायदा: झाडांची भीती फार नाही. डिशपेक्षा सहा मीटर उंच झाड असेल तरी साडेतीन मीटर लांब असलं की सिग्नल त्याच्या डोक्यावरून येतो. मी एका वाड्यात जाईपर्यंत मालकाने लिंबाच्या दोन फांद्या तोडून ठेवल्या होत्या. त्या सिग्नलच्या वाटेत नव्हत्याच.

वाट मोकळी आहे का, हे बघायची एक पक्की युक्ती आहे, पण वर्षातून दोनदाच चालते. साधारण १२ मार्चला सकाळी सव्वा अकराच्या सुमारास आणि १ ऑक्टोबरला अकराला पाच-दहा मिनिटं कमी असताना, मराठवाड्यातून सूर्य नेमका या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी डिश लावायच्या जागी ऊन पडत असेल तर सिग्नलही पडणार. सावली असेल तर ज्याची सावली, तोच आडवा. डिश आधीच लावलेली असेल तर एलएनबीची सावली तिच्यावर कुठे पडते ते बघून ती किती चुकलीय तेही कळतं. त्याच दिवसांत त्या वेळी काही मिनिटं चित्र जातं, कारण सूर्याचा गोंगाट उपग्रहाच्या आवाजावर चढतो. दरवर्षी त्या आठवड्यात मला फोन येतात, मी म्हणतो चहा घ्या, तोवर येईल.

बसवण्यात निम्मं काम खांबाचं. खांब ओळंब्यात हवा. गवंड्याकडून ओळंबा मागून आणा, दोन बाजूंनी लावून बघा. खांब कललेला असेल तर डिश आडवी फिरवताना तिची उंचीही नकळत बदलत जाते, आणि माणूस दिवसभर फिरवत बसतो. खांब सरळ असेल तर मागच्या पट्टीवर साठ अंशाची खूण लावून घट्ट करायची आणि फक्त आडवं, आग्नेयेच्या दोन्ही बाजूंना हळू फिरवायचं. दोन फुटी डिशचा डोळा जेमतेम तीन अंशांचा. डिशचा काठ अर्धा सेंटीमीटर सरकला की एक अंश झाला. म्हणून खांबावर पेन्सिलने रेघ मारून घ्या आणि रेघेपासून किती हललं ते बघत चला. बॉक्सवर दोन पट्ट्या दिसतात. ताकदीची पट्टी नुसता एलएनबी जोडला तरी भरते, तिच्याकडे बघू नका. दुसरी, क्वालिटीची, ती शून्यावरून उठली की थांबा. मग उंची चिमूटभर वर-खाली, मग एलएनबी आपल्या पकडीतच किंचित पिळून बघा. शेवटी नट आवळताना पट्टीवर डोळा ठेवा, कारण नट आवळताना डिश नेहमी थोडी सरकते. नव्वद टक्के घाईवाले इथेच फसतात: खाली चित्र आलं म्हणून आनंदात पाना फिरवतात आणि निघून जातात.

घरात दुसऱ्या कंपनीची जुनी डिश पडून असेल तर तीच वापरा. डिश टीव्हीची ९५ अंशांवरच्या उपग्रहाकडे असते, ती नुसती बोटभर हलवावी लागते. टाटा प्लेची ८३कडे. ती आपल्याकडून पूर्वेला चोवीस अंशांनी वळवायची आणि सहा अंश खाली घ्यायची.

वाऱ्याने फुटतं त्याची दोन कारणं. एक, खांब पत्र्यावर किंवा कठड्यावर दोन खिळ्यांवर उभा. सिमेंटात चार अँकर बोल्ट मारा किंवा पाटी भरून काँक्रीट करून त्यात पाय पुरा. पत्र्यावर डिश नकोच. दुपारी पत्रा फुगतो, रात्री आकसतो, डिश रोज नमस्कार करते. दोन, वायरीचा जोड. आपल्याकडच्या मे महिन्यात काळी टेप वितळून गळते, जूनमध्ये त्याच फटीतून पाणी शिरतं आणि श्रावणात मेकॅनिक बोलवावा लागतो. जोड उघडून बघा: मधला तांब्याचा तार चकचकीत हवा, हिरवा-काळा असेल तर दोन इंच कापून नवीन एफ कनेक्टर लावा. जाळीचा एकही केस मधल्या ताराला लागता कामा नये. हे सगळं बॉक्सची पिन काढून. एलएनबीला वायरीतूनच १३ किंवा १८ व्होल्ट जातात, चालू असताना तार टेकली तर बॉक्स जातो. जोडाखाली वायरीला एक लोंबता वळसा ठेवा, म्हणजे पाणी तिथून टपकेल, कनेक्टरात जाणार नाही. वायर तीस मीटरपेक्षा लांब नको. आरजी-६मध्येही तेवढ्या अंतरात ताकद पावपट उरते.

आणि एलएनबीच्या तोंडावरचं प्लास्टिकचं टोपण शाबूत आहे ना, ते बघा. रेणापूरजवळच्या एका घरी मी तीन वेळा डिश नव्याने लावली. प्रत्येक वेळी दोन आठवडे चालायची आणि बंद. चौथ्या वेळी उन्हात एलएनबी हातात घेतला तेव्हा आत मातीचं सुबक मडकं दिसलं. टोपणाला चीर होती, त्यातून कुंभारमाशी जाऊन घर बांधत होती. मी डिश हलवली की ते पडायचं, चित्र यायचं, आणि बाई परत कामाला लागायची. जुन्या अँटेन्याच्या बलूनच्या डबीतही हाच प्रकार चालायचा.

मुसळधार पावसात मात्र चित्र जाणार, त्याला इलाज नाही, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. गारपिटीनंतर डिशला पोचे आले असतील तर हाताने सरळ करत बसू नका, डिश बदला.

राहता राहिला तुमचा जुना अँटेना. काड्या मोडीत घाला, ॲल्युमिनियमला भाव बरा मिळतो. खांब ठेवा. त्या काळचा जस्ताचा पाइप आजच्या डिशबरोबर येणाऱ्या पत्र्याच्या नळीपेक्षा कितीतरी जाड असतो. तीन-साडेतीन फूट कापून घेतला तर डिशला तोच सगळ्यात चांगला पाय. उतरवताना दोघं जण लागतात, एकट्याने नको. आणि आधी गच्चीवरून नजर टाका: खांब आडवा झाला तर विजेच्या तारेपर्यंत पोचतो का? पोचत असेल तर लाइनमनला सांगून लाइन बंद करून घ्या, मगच नटाला पाना लावा.